‘दविस’ म्हणजे दिवस: चौथीतल्या मुलाच्या वाचनाबद्दल

बेळगावातल्या वडगावहून एका आईनं विचारलंय: "मुलगा मराठी माध्यमात चौथीत आहे. तोंडी विचारलं तर धड्यातलं सगळं सांगतो. वाचायला बसला की अडखळतो, ओळ सोडतो, पोटात दुखतंय म्हणतो. पाढे पाठ होत नाहीत. कन्नडचं पुस्तक तर उघडतच नाही. शाळेत म्हणतात, तीन भाषांमुळे होतंय, मोठा झाला की येईल. मिस्टरांचा माग आहे, त्यांना वाटतं इंग्लिश मीडियमला घालूया. जाऊबाई म्हणतात दवाखान्यातून सर्टिफिकेट मिळतं, पण ते घेतलं की पोराला वेडा ठरवतील. काय करू?"

ताई, तुमच्याकडे तीन जणांची तीन मतं आहेत आणि प्रत्येकात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच गुंता झालाय. मी बावीस वर्षं विशेष शिक्षिका म्हणून बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या मुलांबरोबर काम करते. आपल्या भागात या मुलांच्या बाबतीत दोन उलट चुका होतात. काही मुलांची खरीखुरी वाचनाची अडचण, जिला डिस्लेक्सिया म्हणतात, ‘भाषेमुळे होतंय’ या एका वाक्याखाली आठवीपर्यंत झाकून राहते. आणि काही मुलांच्या कानावर ती भाषाच पुरेशी पडलेली नसते, तरी कुणीतरी ‘डिस्लेक्सिया’ म्हणून मोकळं होतं. तेव्हा आधी हे दोन वेगळे कसे करायचे ते बघू.

कन्नड वाचता येत नाही यावरून काहीच ठरत नाही. तुमच्या घरात मराठी, गल्लीत मराठी आणि कन्नड मिसळून, शाळेत कन्नड दिवसाला एक तास. बघायचं ते मराठीत, म्हणजे जी भाषा तो पाळण्यापासून ऐकत आलाय तिच्यात. मराठी घडाघडा वाचणारा मुलगा कन्नडात अडत असेल तर त्याला कन्नड नीट शिकवायला हवं, बाकी काही नाही. पण चौथीच्या मध्यावर मराठीचं साधं वाक्यसुद्धा अक्षर-अक्षर जोडत वाचावं लागत असेल, तर दोष कन्नडच्या माथी मारता येत नाही. डिस्लेक्सिया घरची भाषा विचारून येत नाही. तो मराठीत असला तर कन्नडात आणि इंग्रजीतही दिसतो, फक्त लिपीप्रमाणे चुकांचा चेहरा बदलतो.

चुका कशा वाचायच्या ते एका वहीवरून सांगते. खानापूर तालुक्यातली तिसरीतली एक मुलगी होती. श्रुतलेखनात तिनं ‘दिवस’ लिहिलं होतं ‘दविस’. खाली ‘पिशवी’चं ‘पशिवी’. तिच्या बाईंनी दोन्हींवर लाल फुली मारून दहा-दहा वेळा लिहायला लावलं होतं, आणि तिनं इमानदारीनं दहा वेळा ‘दविस’ लिहिलं होतं. आता बघा, पोरीचा कान बिलकुल चुकलेला नाही. तिनं ‘द’ ऐकला, लिहिला. मग ‘इ’ ऐकली, म्हणून मागाहून वेलांटी काढली. पण देवनागरीत ही पहिली वेलांटी बोलायची नंतर आणि काढायची आधी. तिनं बोलण्याच्या क्रमानं काढली आणि ती जाऊन बसली ‘व’वर. ही चूक तिच्या वहीत प्रत्येक पहिल्या वेलांटीला होती, दुसऱ्या वेलांटीला एकदाही नव्हती. तुमच्या मिस्टरांना हे लगेच कळेल. मागावर नक्षी ठरवणाऱ्या जकार्डच्या पट्टीत एक भोक चुकलं तर नक्षी दर वेळी त्याच जागी बिघडते. कारागीर पूर्ण साडी दहा वेळा विणत नाही, ती एक पट्टी शोधतो.

त्याच मुलीनं ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘आम्ही’ला ‘आमी’ लिहिलं होतं, त्यावरही फुल्या. त्या मी खोडून टाकल्या. ती घरी जसं बोलते तसं तिनं लिहिलं होतं. आपल्याकडच्या बोलीत ‘ण’ चा ‘न’ होतो, हकार गळतो. याला आजार म्हणायचा तर निम्मा जिल्हा आजारी निघेल. बोलीतून आलेली चूक रोज सारखीच होते. एकच शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहिलेला सापडला, किंवा मधलं अक्षरच गायब असलं, तर मात्र मी कान टवकारते.

दुसरी तपासणी कागदाशिवायची आहे, आज संध्याकाळी भाकऱ्या भाजताना करा. विचारा, "बटाट्यातला ब काढला तर काय उरलं?" त्यानं हसून "टाटा" म्हणायला हवं. मग ‘कमळ’मधला ‘क’ काढायला सांगा, ‘चटणी’तलं मधलं अक्षर विचारा, ‘भाकरी’ आणि ‘चाकरी’त वेगळं काय ते विचारा. गोष्ट हुशारीनं सांगणारा मुलगा या खेळात चाचपडत असेल, तर शब्द आवाजांत फोडण्याची त्याची जागा कच्ची आहे, आणि वाचन त्याच जागेवर उभं असतं. मिस्टरांच्या किंवा तुमच्या घरात कुणी असंच बोलण्यात पटाईत पण शाळा लवकर सोडलेलं आहे का, तेही आठवा. ही अडचण घराण्यात चालते. आत्तापर्यंत किती वडील माझ्यासमोर बसून मुलाची वही बघता बघता गप्प झालेत, ते मोजलेलं नाही.

वय धरायला विसरू नका. ‘मराठी बोलतो तशी लिहितो’ हे अर्धंच खरं. मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, रफार, ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला वेगळा ‘च’, असं करत शेकडो आकार डोळ्याखालून जावे लागतात. दुसरीतलं मूल हळू वाचतं किंवा ‘ध’ आणि ‘घ’ यांत गोंधळतं म्हणून मी घाबरत नाही. चौथीत मात्र वाट बघत बसत नाही. ‘मोठा झाला की येईल’ हे वाक्य मी सहावीतल्या मुलांच्या आयांकडून ऐकलंय आणि नववीतल्याही.

आणि अगदी पहिल्यांदा डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नसलेली, किंवा दर पावसाळ्यात कान फुटून ऐकू कमी येणारी दोन-तीन मुलं दरवर्षी माझ्याकडे ‘डिस्लेक्सिया’ म्हणून येतात. आपल्याकडे आईबाप ऊसतोडीला गेले की पोरंही मागोमाग जातात. त्यांचं पुस्तक चार-चार महिने बंद असतं, तो प्रश्न वेगळा. तुमच्या पत्रात तसं काही नाही. पोटदुखीसाठी एकदा डॉक्टरांना दाखवा, आणि रविवारी दुखतं का ते बघा.

आता कन्नड. पुस्तक न उघडण्यामागे आळस असेल असं मला वाटत नाही. ‘सूर्य’ हा शब्द घ्या, दोन्ही भाषांत तोच. मराठीत ‘र’चा रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो. कन्नडात तीच खूण, अर्कावत्तु, ‘य’च्या उजव्या बाजूला येते. मराठीत जोडाक्षरात बहुतेकदा पहिलं अक्षर अर्धं होतं. कन्नडात पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं बारीक होऊन त्याच्या खाली लटकतं. शिरोरेषा नाही, ‘व’ आणि ‘म’ जुळ्या भावांसारखे. शिवाय कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ‘ए’, दोन ‘ओ’, जे मराठी कानाला वेगळे ऐकूच येत नाहीत. ज्याची पहिली लिपी अजून बसलेली नाही त्याच्यावर दुसरी लिपी आणि वर इंग्रजी येऊन पडली की तो पुस्तक बंद करणारच. पण गंमत बघा, पहिल्या वेलांटीचा जो घोळ मराठीत होतो तो कन्नडात होत नाही, कारण तिथं इकार अक्षराच्या अंगावरच चढतो. माझी ती खानापूरची मुलगी कन्नडात ‘दिन’ बरोबर लिहायची. तिच्या मराठीच्या बाईंना हे मी दाखवलं तेव्हा त्यांना आधी खरंच वाटेना.

पाढ्यांचंही असंच. पाढे पाठ न होणं म्हणजे गणित न येणं असं धरू नका. क्रमानं पाठ करायची कुठलीही गोष्ट, वार, महिने, पाढे, या मुलांना जड जाते. त्याला दुकानात पाठवा. पन्नासची नोट देऊन बत्तीस रुपयांचं सामान आणायला सांगा. उरलेले पैसे बरोबर मोजून आणले तर संख्येची समज शाबूत आहे. तेवीस आणि बत्तीस यांत जास्त कुठलं यावर तो थांबत असेल, तर मात्र गणिताचंही वेगळं बघावं लागेल. मराठी आकडेही या मुलांवर मेहेरबान नाहीत. ‘तेवीस’मध्ये तीन आधी बोलायचे पण लिहायचे नंतर, ‘एकोणतीस’मध्ये तर नऊचं नावच नाही. कन्नडात एकोणतीस म्हणजे ‘इप्पत्तोंबत्तु’, सरळ वीस आणि नऊ. 2019 साली महाराष्ट्रात बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली तेव्हा केवढी थट्टा झाली! मी मात्र ती रीत त्याच्या कितीतरी आधीपासून वापरतेय, आणि मला ती सुचली ती इथल्याच कन्नड आकड्यांवरून. मुलाला ‘वीस नऊ, म्हणजेच एकोणतीस’ असं जोडून म्हणू द्या.

इंग्लिश मीडियमला घालू नका. मिस्टरांचा हेतू मला कळतो, पण वाचनाच्या दृष्टीनं इंग्रजी ही तिघींमधली सगळ्यात अवघड बाई. मराठीत ‘क’ हा ‘क’च राहतो, इंग्रजीत एकाच अक्षराचे चार आवाज आणि एका आवाजाची चार स्पेलिंगं. आज त्याच्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे, ऐकलेलं त्याला समजतं. माध्यम बदललं की तीही जाते, आणि मग वाचता येत नाही आणि समजतही नाही असा मुलगा हातात राहतो. अशी पाचवीत बदललेली आणि सातवीत परत आणलेली मुलं मी सांभाळलीत. त्यांना परत जागेवर आणायला दीड-दोन वर्षं गेली.

घरी काय करायचं ते आता सांगते, आणि हे उद्यापासूनच. निदान होवो न होवो, ही मदत फुकट जात नाही. उलट निदान करणाऱ्यालाही तीच लागते. डॉक्टर मंडळी जे निकष मानतात त्यांत, नेमकी मदत करूनही सहा महिने अडचण टिकून राहिली का, हा एक प्रश्न असतोच. एका वहीत तारीख टाकून रोज काय केलं ते दोन ओळींत लिहून ठेवा.

रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. पुठ्ठ्याच्या कार्डांवर क, म, ल, प, स अशी पाच-सहा अक्षरं मोठी लिहा. वह्यांच्या पारदर्शक प्लास्टिक कव्हरचे तुकडे कापून त्यांवर मार्करनं फक्त मात्रा काढा, काना वेगळा, वेलांटी वेगळी, उकार वेगळा. ‘म’वर कान्याचा तुकडा ठेवला की ‘मा’, काढला की ‘म’. हे त्यानं हातानं करायचं आणि तोंडानं म्हणायचं. बाराखडी गाण्यासारखी म्हणून घेऊ नका. ‘क का कि की’ चालीवर म्हणणाऱ्या मुलाला मधूनच ‘कु’ दाखवला की तो पहिल्यापासून मोजत येतो. पहिली आणि दुसरी वेलांटी एका आठवड्यात आणू नका. पहिल्या वेलांटीसाठी तुकडा डावीकडून सरकवायचा आणि म्हणायचं, "आधी येते, नंतर बोलते." ही ओळ माझ्या एका विद्यार्थ्यानं तयार केलीय, मी नाही.

मग पाच मिनिटं दोघांनी मिळून एकाच पुस्तकातून मोठ्यानं वाचायचं. तुमचं बोट ओळीखाली, त्याचा आवाज तुमच्या आवाजाबरोबर. तो अडला तर मनात तीन आकडे मोजा आणि शब्द सांगून पुढे चला. "कालच तर सांगितला होता" हे वाक्य घरातून हद्दपार करा. दहादा लिहायला लावणं बंद, कारण चुकीचा शब्द दहादा लिहिला की तोच हातात बसतो. श्रुतलेखन फक्त शिकवलेल्याच शब्दांचं, पाच शब्द पुष्कळ झाले.

इतिहास, परिसर यांसारखे विषय कानानं शिकू द्या. तुम्ही किंवा त्याच्या ताईनं धडा वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायचा. तो पुस्तक समोर ठेवून ऐकेल. वाचन कच्चं आहे म्हणून ज्ञानही थांबवून ठेवलं, तर दोन वर्षांनी ते दुसरंच दुखणं होऊन बसतं.

शाळेत भांडायला जाऊ नका, बाईंना वही दाखवायला जा. चार मागण्या पुरेत: सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नये, फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायला लावू नये, चाचणीत उत्तरं तोंडी घ्यावीत, आणि विज्ञानाच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नयेत. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रत्येक तालुक्यात बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसच्या हाताखाली विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी बीआयईआरटी म्हणजे फिरते विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलावून घ्यायला अर्जातच सांगा. शिक्षकांना प्राथमिक चाचपणीसाठी ‘डाली’ नावाचं साधन आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 2015 मध्ये ते भारतीय भाषांसाठी तयार केलं, आणि त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. आपल्यासारख्या भागाला याहून सोयीचं काही नाही, पण शाळांमधून ते मी फार कमी वेळा वापरलेलं पाहिलंय.

तपासणीला जरूर जा, पण एका अटीवर: ती मराठीत व्हायला हवी. एका मोठ्या दवाखान्यात माझ्या एका विद्यार्थ्याची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि थोड्या इंग्रजीत घेतली गेली. येळ्ळूरच्या त्या मुलाला निम्मे प्रश्नच कळले नव्हते. तो गप्प बसला, आणि कागदावर मतिमंदत्वाच्या काठावरचा आकडा आला. त्याच्या आजीनं तो कागद वर्षभर ट्रंकेत लपवून ठेवला होता. पुढं मराठी बोलणाऱ्या सायकॉलॉजिस्टकडून पुन्हा चाचणी झाली तेव्हा बुद्धिमत्ता चांगली सरासरी निघाली आणि वाचनाची अडचण तीव्र. म्हणून वेळ घेतानाच विचारा, चाचणी कुठल्या भाषेत घेणार, आणि मुलाच्या घरची भाषा फाईलवर लिहून घ्या. बेळगावात सोय होत नसेल तर धारवाडची डिमहॅन्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था दीड-दोन तासांवर आहे. कोल्हापूरकडे मराठीत चाचणी मिळायला सोपं जातं, पण दाखला कर्नाटकातल्या शाळेत चालवायचाय हे लक्षात ठेवून आधी इथल्या जिल्हा रुग्णालयात विचारा.

सर्टिफिकेटची भीती मला समजते. आपल्या समाजात ‘अपंग’ हा शब्द ऐकूनच घरं बंद होतात. पण कायदा काय म्हणतो ते ऐका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे तुमच्या मुलाची असू शकेल ती, आहे. त्याचं कलम 16 शाळांना सांगतं की ही अडचण लवकरात लवकर ओळखा आणि त्यासाठी शिकवण्याचे उपाय करा. कलम 17 मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट असं स्पष्ट लिहिलंय. तीन लिप्यांखाली दबलेल्या मुलासाठी ही शेवटची ओळ किती मोठी आहे ते वेगळं सांगायला नको. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत दाखल्यासाठी बालरोगतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक यांनी मिळून बघायचं असं होतं, चाचण्या बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचातल्या. त्यांत दाखला आठ वर्षांपासून पुढं मिळायचा, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची. 2024 मध्ये ही तत्त्वं बदलली, तेव्हा आताचे नियम जिल्हा रुग्णालयात विचारून घ्या.

तो कागद गल्लीत कुणी वाटत नाही. तुमच्याकडे, मुख्याध्यापकांकडे आणि परीक्षेच्या अर्जाबरोबर, बस्स. आणि पोराला ‘वेडा’ हे नाव कागदाशिवायच मिळतं हो, दर वेळी वाचता न आल्यावर मागच्या बाकावरून.

भाषेतून सूट घेण्याची घाई मात्र करू नका. दहावीला सूट हवी असेल तर मुख्याध्यापकांमार्फत आधीच अर्ज जायला हवा, आणि कुठली भाषा सोडता येते हे बीईओ ऑफिसकडून लेखी घ्या. माझं मत विचाराल तर परीक्षेतून सूट घ्या, पण कन्नड कानातून आणि तोंडातून सोडू नका. त्याला उद्या इथंच काम करायचंय, बसची पाटी वाचायचीय, मागाच्या सुताचा भाव विचारायचाय. बोलायला डिस्लेक्सिया आड येत नाही.

यायचं ठरवलंत तर शनिवारी दुपारनंतर या, आणि एक करा. नव्या कव्हरातल्या, ट्यूशनवाल्यांनी खाडाखोड काढून पुन्हा लिहून घेतलेल्या वह्या आणू नका. पहिलीपासूनच्या जुन्या, रबरानं भोकं पडलेल्या मराठीच्या वह्या रद्दीत गेल्या नसतील तर त्या आणा. मुलाला सांगा, टीचर चुका बघणार आहेत, पण मार्क देणार नाहीत. आणि येताना बसमध्ये त्याला खिडकीशी बसवून विचारा, आपली बस त्यानं कशी ओळखली. पाटी वाचून, का रंगावरून, का कंडक्टर बघून? तो जे सांगेल ते मला तसंच्या तसं सांगा.